मुलींचं पाणी आणि कोंबड्यांची पोथी

आमच्या तेगालवानी गावात एखादं पोर हट्ट धरून बसलं की त्याची आई म्हणते, "झालं, अंगात वार्सिकी आली." ही वार्सिकी माझी चुलतबहीण. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला म्बोक म्हणते, ताई म्हणावं तसं. रागावले की आणखीही बरंच काही म्हणते, ते इथे नको.

झऱ्याच्या वाटेवर माझं पेजेचं दुकान आहे. पहाटे पेज, वर वाफवलेली भाजी, भाजलेलं खोबरं, तिखट. नऊ वाजता टोप रिकामा. वार्सिकीचा धंदा नैवेद्याचा. लग्न असो, वयात आलेल्या पोरांचे दात कानशीने घासायचा विधी असो की कुणाला अग्नी द्यायचा असो, लोक तिच्याकडे येतात आणि ती माडाच्या कोवळ्या झावळ्या कापून, टाचून, दोन दिवसांत अंगण भरून टाकते. हे झालं पोटाचं काम. दुसरं काम ती माझ्या बाकावर बसून करते, रिकाम्या टोपाला फोन टेकवून, एका अंगठ्याने. इंटरनेटवर जो विश्वकोश आहे, ज्यात कुणीही लिहू शकतं आणि कुणीही खोडू शकतं, त्यात ती आपल्या धर्माबद्दल लिहिते. देवळं, सण, नैवेद्य, कोणत्या दिवशी काय करायचं आणि काय नाही. सहा वर्षं झाली, आणि सगळं फुकट.

सुरुवात रागातून झाली. रोज रांधून झाल्यावर आपण केळीच्या पानाच्या तुकड्यांवर चिमूटचिमूट भात ठेवतो ना, त्याबद्दल विश्वकोशात काय लिहिलंय ते एका गिऱ्हाइकाने तिला दाखवलं: "मुंग्या व पाखरांना खाऊ घालण्याची स्थानिक प्रथा." वार्सिकीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "म्हणजे चुलीला, पाण्याला, उंबऱ्याला काहीच नाही? आम्ही काय मुंग्या पाळल्यात?" तिने तिथल्या तिथे ते खोडून खरं काय ते लिहिलं. अर्ध्या तासात कुणीतरी तिचं खोडून मुंग्या परत आणल्या. खाली कारण: आधार दिलेला नाही.

"आधार म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"कुठल्या पुस्तकात आहे ते सांगा म्हणतायत."

"रोज सकाळी तू ठेवतेस की! पुस्तक कशाला?"

"तेच लिहिलं मी. तर म्हणाले, तुम्ही आधार होऊ शकत नाही."

दुसरी बाई असती तर दोन शिव्या घालून फोन ठेवला असता. ही तिसऱ्या दिवशी टेम्पोत बसून सिंगराजा शहरात गेली, ग्रंथालयात दिवसभर बसली, पुस्तक शोधलं आणि पानाचा नंबर लिहून आणला. मुंग्या गेल्या त्या गेल्याच. तेव्हापासून तिला त्या कामाचं वेड लागलं, आणि वेडापेक्षा वाईट म्हणजे शिस्त लागली. माझ्या भावाने देवळाच्या लेखात हळूच आपल्या भाड्याच्या खोल्या घुसवल्या होत्या, "मंदिराजवळ राहण्याची उत्तम सोय." ते हिनेच काढलं. मी म्हटलं, निदान झऱ्याच्या लेखात माझ्या पेजेचं एक वाक्य घाल. तर म्हणते, "तुझ्या पेजेला आधार आहे का?" रोज दोन वाट्या फुकट चापून वर हे.

आता मूळ गोष्ट. वार्सिकीचं लग्न डोंगरापलीकडच्या गावात झालं होतं. आमच्यात लग्नाच्या वेळी मुलगी घरच्या पितरांचा निरोप घेते. एकदा तो घेतला की ती सासरच्या घरची. अकरा वर्षांनी ती परत आली. का, ते तिने सांगितलं नाही, आणि तिच्या दंडावरचे वळ बघून आम्हीही विचारलं नाही. मुलगा तिकडेच राहिला, कारण मूल बापाच्या घरचं. परत आलेल्या मुलीला माहेरी जेवण मिळतं, झोपायला ओटा मिळतो, पण तिने उभं कुठे राहायचं ते कुणी सांगत नाही. देवळात पूजेला सुना एका बाजूला बसतात, लग्नाच्या मुली दुसऱ्या बाजूला. पहिल्या वर्षी वार्सिकी मधल्या पायरीवर नैवेद्याचं तबक घेऊन उभीच होती. कुणी सरकलं नाही. मीही सरकले नाही, तेव्हा गावातल्या गावात लग्न होऊन मी नवी सून झाले होते आणि घाबरत होते. हे मला अजून टोचतं.

त्या दिवशी घरी आल्यावर तिच्या आईने, माझ्या मोठ्या काकूने, तिला मुलींच्या पाण्याची हकीकत सांगितली. पूर्वी चौथ्या महिन्याच्या पौर्णिमेला, गावाबाहेर लग्न होऊन गेलेल्या मुली सासरचं पाणी बांबूच्या नळीत भरून आणायच्या आणि ते आमच्या झऱ्यात ओतलं जायचं. काकूने लहानपणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग आगुंग डोंगर फुटला, राख पडली, उपासमार झाली, आणि ते बंद पडलं ते पडलंच. शेवटी काकूने सांगितलं ते असं: मुलींनी पाणी आपल्या हाताने ओतायचं नसतं. सासरहून कायमची परत आलेली जी मुलगी असेल तिच्या हातात द्यायचं आणि तिने ओतायचं. जायची आणि यायची, दोन्ही वाटा तिलाच ठाऊक असतात.

काकू गेली त्या वर्षी वार्सिकीने त्यावर लेख लिहिला. तोवर तिचे दीडशेच्या वर लेख झाले होते, पण ते गावाचे होते. हा तिचा स्वतःचा होता.

चार महिने लेख सुखाने राहिला. मग एका शनिवारी दुपारी तीन वाजता त्याच्या डोक्यावर नोटीस लागली. लावणारा तिच्यासारखाच कुणीतरी फुकट राबणारा, त्याने स्वतःला नाव घेतलेलं तेलिती, म्हणजे बारकाईने बघणारा. "या लेखाला एकही लिखित आधार नाही. सात दिवसांत न दिल्यास लेख काढण्यात येईल."

"म्हणजे काकू खोटं बोलली?" मी भडकले.

"तसं नाही म्हणत तो. तिचं म्हणणं तपासता येत नाही म्हणतो."

"काकूला तपासायला आता वर जावं लागेल त्याला. जा म्हणावं खुशाल."

"साद्री, दुसऱ्यांना मीपण हेच विचारते." असं म्हणाली खरी, पण झावळी कापणारा हात थांबला होता. मग म्हणाली, "आईचं म्हणणं कुठेतरी नीट ठेवलं पाहिजे गं. मी गेल्यावर कोण सांगणार? तू?"

खरं सांगायचं तर मला तेव्हा अर्धंच आठवत होतं.

आधार मात्र होता, आणि कुठे होता तेही सगळ्या गावाला ठाऊक होतं. झऱ्याच्या देवळाचे पुजारी जेरो मंकू रेंतेब, सत्तरी उलटलेले. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांची लाकडी पेटी आणि पेटीत ताडपत्राची पोथी. झऱ्याचे सगळे विधी त्यात लिहिलेत असं माझ्या आजीची आजीसुद्धा सांगायची. दोनशेदहा दिवसांतून एकदा, सरस्वतीच्या शनिवारी, ती पेटी खाली येते. पोथी काढून पुसतात, फुलं वाहतात, परत ठेवतात. वाचत नाहीत. त्या दिवशी वाचायचंही नसतं आणि लिहायचंही नसतं. अक्षरांची पूजा असते, त्यांना कामाला लावायचं नसतं.

रविवारी वार्सिकी त्यांच्याकडे गेली. मी पेज द्यायचं निमित्त करून मागोमाग.

"जेरो, एकदा उघडून बघू द्या. फक्त पाण्याचं पान."

"लू," जेरो म्हणाले. साठीला आलेल्या बाईलाही ते पोरीसारखं लू म्हणतात. "पोथीत काय बजावलेलं असतं? अज वेरा. गावभर करू नको. आणि तू ते घालणार कुठे? त्या फोनमध्ये, जिथे लोक उघड्या बायका बघतात!"

"तिथे मुंग्यापण होत्या जेरो. मी काढल्या."

"नाही म्हणजे नाही."

सोमवारी ती केळी घेऊन गेली. मंगळवारी त्यांच्या घरच्या देवळीचे नैवेद्य करून दिले आणि नकार घेऊन आली. बुधवारी जेरोंनी कुत्रं अंगावर सोडलं. कुत्रं येऊन तिच्या पायाशी झोपलं, कारण नैवेद्याचा उरलेला भात त्याला रोज हीच घालते. गुरुवारी जेरो थकले. म्हणाले, "शनिवारी ये. पोथीचे नैवेद्य तूच कर. डोळ्यांनी बघायचं तेवढं बघ."

"बघ हं म्हातारा," मी वाटेत म्हटलं, "शनिवारी सरस्वती. वाचायचं नाही, लिहायचं नाही. आणि शनिवारीच तीन वाजता तुझी मुदत. बरोबर दिवस शोधून काढला."

हे तिला वेगळं सांगायला नको होतं. सरस्वतीच्या दिवसाचा विश्वकोशातला लेख तिचाच आहे. पुस्तकाचं नाव, पानाचा नंबर, सगळं घालून लिहिलेला: या दिवशी वाचन व लेखन वर्ज्य.

शनिवारी सकाळपासून आम्ही दोघी जेरोंच्या ओसरीवर. पेटी खाली आली. जेरोंनी पिवळं फडकं सोडवलं, पोथीची दोरी सैल केली आणि ती चटईवर ठेवली. चांगली जाडजूड पोथी, कडा काळ्या पडलेल्या. दुपारी तीर्थाचं भांडं आणायला ते मागच्या अंगणात गेले.

"म्बोक," मी कुजबुजले, "गेले ते. बघ पटकन."

"आज नाही."

"बरं, वाचू नको. त्या तेलितीला नुसतं कळव, एक दिवस थांब म्हणून. काचेवर अंगठा घासायचा, त्याला काय लिहिणं म्हणतात? ना शाई, ना ताडपत्र कोरायची सुरी."

"एकाच अंगठ्याने दीडशे लेख झाले. ते काय होतं मग? घासणं?"

"अगं, लेख जाईल तुझा! आईचा लेख!"

"जाईल." ती फुलं मांडत होती. हात सरळ चालत होते, पण डोळे भरले होते. "आज लिहायचं नसतं हे मीच लिहिलंय साद्री. आज मीच लिहिलं, तर ते खोटं पडलं. एक लेख खोटा पाडून दुसरा खरा करू?"

मला तिचा असा संताप आला की मी तांदळाची परडी आपटली. मागे वळून बघते तर जेरो तीर्थाचं भांडं घेऊन दारात उभे. केव्हापासून उभे होते कुणास ठाऊक. ते येऊन पूजेला बसले.

तीन वाजता वार्सिकीच्या कमरेच्या शेल्यात फोन घुरघुरला. तिने हात लावला नाही. लेख गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळं गाव झऱ्यावर. सरस्वतीच्या दुसऱ्या दिवशी फुलांच्या पाण्याने अंघोळ करायची, मग पिवळा भात खायचा, आणि अक्षरं पुन्हा मोकळी. वार्सिकी केस निथळत माझ्या बाकावर बसली होती. एवढ्यात जेरो स्वतः आले. आयुष्यात ते माझ्या दुकानाची पायरी चढले नव्हते.

"लू, चल घरी."

मीही निघाले. घरात गेल्यावर त्यांनी दार लोटलं आणि माझ्याकडे बघितलं. "साद्री, तू बाहेर बस."

"मी नाही बसणार," मी म्हटलं.

त्यांनी उसासा टाकला. पेटी पुन्हा खाली काढलेली होती. पोथी त्यांनी दोन्ही हातांनी वार्सिकीच्या पुढ्यात ठेवली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "मला वाचता येत नाही."

वार्सिकीने पोथीवरून नजर उचलून त्यांच्याकडे बघितलं.

"बापाने शिकवायच्या आधी बाप गेला. मंत्र ऐकून पाठ आहेत. हे अक्षर नाही येत. चाळीस वर्षं फुलं वाहतोय. गावाला वाटतं मी देत नाही. मी देणार काय? झाकली मूठ होती, झाकून ठेवली. काल तू समोर असून हात लावला नाहीस, तेव्हा मला वाटलं, उघडायची तर हिच्याच हाताने."

वार्सिकीला ते जुनं अक्षर येतं. देवळातल्या पाठाच्या मंडळात पंधरा वर्षं तिने तेच केलंय. तिने नमस्कार केला, पहिलं पान उजेडाकडे धरलं आणि संथ वाचायला लागली. "ओम् अविघ्नमस्तु." जेरोंनी डोळे मिटून हात जोडले. ती पुढे वाचू लागली, "करडा कोंबडा, पांढऱ्या पायाचा, या वारी पूर्वेकडून सोडावा. लाल कोंबडा हरेल."

ती थांबली. पुढचं पान घेतलं. "काळा कोंबडा, पिवळ्या चोचीचा..." आणखी पुढचं पान. मग नुसतीच पानं उलटत राहिली.

"काय आहे?" जेरोंनी डोळे उघडले.

"अठरा पानं झाली जेरो. कोंबडेच आहेत."

कुठल्या वारी कुठल्या रंगाचा कोंबडा झुंजीला लावावा याचा तो ग्रंथ. माझ्या आजीच्या आजीपासून गाव ज्याला फुलं वाहत आलं तो. मला हसू आवरेना, तोंडात पदर कोंबला तरी आवरेना. मग जेरोंकडे लक्ष गेलं आणि हसू जागच्या जागी मेलं. माणूस बसल्या जागी दहा वर्षांनी म्हातारा झाला होता.

वार्सिकी हसली नाही आणि थांबलीही नाही. दुसरी कुणी असती तर पोथी बांधून ठेवली असती. ही म्हणाली, "आता सुरू केलंय तर पूर्ण करते," आणि पान न पान वाचत गेली. एकतिसाव्या पानावर तिचा आवाज बदलला.

"चौथ्या महिन्याच्या पौर्णिमेला तेगालवानीच्या मुली सासरचं पाणी घेऊन येतात. त्या दिवशी, आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी झऱ्याच्या वाटेवर कोंबडा सोडू नये. सोडील त्याचा कोंबडा कढईत जाईल."

तिने ते तीनदा वाचलं. मग पोथी कपाळाला लावली आणि रडली. पोथीत परत आलेल्या मुलीबद्दल काही नव्हतं. पण मुली होत्या, पाणी होतं, आणि काकू खोटं बोलली नव्हती.

पुढचं काम वेळखाऊ. घरातली पोथी विश्वकोशाला चालत नाही, ती कुणालाही बघता आली पाहिजे. वार्सिकीने सिंगराजाहून अरिनी बाईंना बोलावलं. जुन्या पोथ्यांना गवती चहाचं तेल लावून साफ करायचं आणि त्यांची नक्कल ग्रंथालयात ठेवायची, हे त्यांचं काम. नक्कल झाली, फॉर्म आला. त्यात पोथीचं नाव लिहायचं आणि खाली मालकाची सही.

अरिनी बाई समजूतदार. जेरोंचा चेहरा बघून म्हणाल्या, "झऱ्याची पोथी एवढंच लिहिलं तरी चालेल."

मी वार्सिकीकडे बघितलं. खोटं नाव नको म्हणायला ही आता तोंड उघडणार, असं मला वाटलं. तिने ओठ घट्ट मिटले होते. लाज जेरोंची होती, तिची नव्हती.

जेरोंनी फॉर्म आपल्यापुढे ओढला. मग म्हणाले, "जे आहे ते लिहा. कोंबड्यांची पोथी." आणि सही केली.

गावाच्या बैठकीत पुरुषांनी त्यांना सोडलं नाही. "जेरो, या शनिवारी कुठला लावू? घरचा ग्रंथ काय म्हणतो?" एकजण तर आरवून दाखवत होता. जेरोंनी सगळ्यांचं होऊ दिलं. मग म्हणाले, "चाळीस वर्षं मी तिला फुलं वाहिली. आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं, देवीलाही नव्हतं का? ती दर सरस्वतीला येतच होती ना?" जाता जाता ते त्या आरवणाऱ्याला म्हणाले, "आणि करडा लाव. पूर्वेकडून."

दोन महिन्यांनी नकलेला ग्रंथालयाचा नोंदणी नंबर मिळाला. ज्या दिवशी मिळाला त्याच सकाळी वार्सिकी माझ्या बाकावर येऊन लेख पुन्हा लिहायला बसली. मी शेजारी उभी राहून बघत होते. सगळं लिहून झालं, खाली पोथीचं नाव आणि पान एकतीस. मग ती शेवटच्या वाक्यावर गेली: हे पाणी सासरहून परत आलेल्या मुलीच्या हातात देतात व ती ते ओतते. अंगठा तिथेच राहिला.

"काय झालं?"

"हे पोथीत नाही."

"आईने सांगितलंय ना!"

"आई पोथीत नाही."

"म्हणजे कोंबडेवाल्याचं खरं आणि काकूचं खोटं? अगं, एवढा सगळा उपद्व्याप तू कशासाठी केलास? या एका वाक्यासाठी! देवळात तुला पायरीवर उभं ठेवलं ते विसरलीस?"

"विसरले नाही." ती फोनवरून नजर न काढता म्हणाली. "खोटं नाही गं ते. आधार नाही. तुझ्या भावाच्या खोल्या काढल्या, मग माझं ठेवू?"

तिने ते वाक्य पुसलं. मी टोप घासायला मागे गेले आणि घासताना रडले, काकूसाठी आणि त्या पायरीसाठी. तेलितीचं उत्तर दोन दिवसांनी आलं. आधी विचारलं, "बायकांच्या विधीला कोंबड्यांच्या झुंजीचा ग्रंथ? ही थट्टा आहे का?" हिने ग्रंथालयाचा नंबर परत पाठवला. तिसऱ्या दिवशी त्याने लिहिलं, "तपासलं. लेख ठेवत आहे."

त्यानंतरची चौथ्या महिन्याची पौर्णिमा. गावात कुणी काही ठरवलं नव्हतं. कोंबडेसुद्धा आपापल्या टोपल्यांत होते. सकाळी सातच्या सुमाराला माझ्या दुकानापुढे एक स्कूटर थांबली. चालवणारी मुलगी, मागे तिची म्हातारी आई, नेसणं देवळात जायचं, मांडीवर पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली.

"झऱ्याची वाट हीच ना?" म्हातारीने विचारलं. "मी सुकर्निंग. खालच्या आळीची. चोपन्न वर्षं झाली जाऊन. सगळं बदललंय की गं."

मी तिला बाकावर बसवलं, पेज वाढली. वार्सिकी पलीकडच्या टोकाला झावळ्या कापत होती.

"लेकीने फोनवर वाचून दाखवलं," म्हातारी सांगत होती. "मुलींचं पाणी म्हणून. मी रात्रभर झोपले नाही. म्हटलं, अजून कुणाला तरी आठवतंय. पण लिहिणाऱ्याने एक सोडलंय बघ. पाणी आपल्या हाताने ओतायचं नसतं."

वार्सिकीची सुरी थांबली.

"परत आलेल्या मुलीच्या हातात द्यायचं असतं," म्हातारी म्हणाली. "माझी आई सांगायची. आहे का गं कुणी तशी गावात?"

मी वार्सिकीकडे बघितलं. वार्सिकीने सुरी खाली ठेवली, हात शेल्याला पुसले, उठून म्हातारीसमोर गेली आणि दोन्ही हात पुढे केले.

"मी आहे," ती म्हणाली.

पेजेचा टोप तसाच टाकून मी त्यांच्यामागे झऱ्यावर गेले. वाटेत तीनचार बायका निघाल्या, जेरो काठी टेकत आले. देवळाच्या पायरीवर बायका बाजूला सरकल्या, मी सगळ्यात आधी. वार्सिकीने फडकं सोडलं, बाटली कपाळाला लावली आणि पाणी झऱ्यात ओतलं.

परत येताना मी तिला म्हटलं, "आता तरी ते वाक्य परत घाल."

"आधार?"

"मी होते की तिथे! या डोळ्यांनी बघितलं."

"तू आधार होऊ शकत नाहीस," ती म्हणाली, आणि हसली. डोळे अजून ओलेच होते.

म्हणून मी हे सगळं लिहून काढलं. पौर्णिमा, गाव, म्हातारीचं नाव, ती काय म्हणाली, पाणी कुणाच्या हातात दिलं, कुणी ओतलं. छापून आलं की पानाचा नंबर तिला नेऊन देणार आहे.